मेन बंद करायचं काम

२ एप्रिल १९८९, रविवार

सकाळची वंदना करून उठते न उठते तोच दारात हातगाडी उभी. अरुंधतीच्या कंपनीचं यंत्र आलं. "आई, थोडे दिवस ऑफिसचं थोडं सामान घरी ठेवावं लागेल," एवढंच सूनबाई बोलली होती. मला वाटलं फायली असतील. आलं ते संदुकीएवढं खोकं, वर टीव्हीसारखा पडदा, आणि खोक्याचं झाकण उघडंच. आतल्या तारा बाहेर लोंबताहेत. झाकण लावून तरी आणायचं.

ऑफिसचं काम ऑफिसात का होत नाही, विचारलं. म्हणाली, "हिंगण्याले ऑफिसशेजारी वेल्डिंगवाला आहे, आई. दिवसभर व्होल्टेज नाचवते. तिथं हे काम होतच नाही."

यंत्र ठेवलं पुढच्या खोलीत, यांच्या आरामखुर्चीच्या जागी. तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. संध्याकाळी रविंद्रनं आमच्या खोलीतला कूलर उचलला आणि यंत्रापुढे नेऊन लावला.

मी म्हटलं, "अरे, आम्ही काय गुन्हा केला?"

"आई, त्याले गरमी सहन नाही होत."

"आणि तुझ्या बापाले होते?"

हे पेपर वाचत पडले होते. म्हणाले, "अवं, तीस वर्षं गिरणीत काढली मी. यंत्राचाच मान पहिला असते." आणि हसले. यांना प्रत्येक गोष्टीचं हसू येतं. त्यामुळेच मला लिहावं लागतं.

५ एप्रिल, बुधवार

आज अरुंधतीला समोर बसवून विचारलं, हे आहे तरी काय. मीही मॅट्रिक आहे, गणितात चांगली होते. नीट सांगितलं तर मला समजतं.

तिनं सांगितलं ते असं. कोराडीच्या वीजघरात बॉयलर किती तापला ते मिनिटामिनिटाला टिपून ठेवणारं यंत्र हिची कंपनी बनवते. आजवर ती टिपणं फिरत्या चकतीवर साठवत. पण तिथं राखच राख, चकती बसून जाते. म्हणून आता चकतीच्या जागी चिपा. मला दाखवल्या. झुरळाएवढ्या, काळ्या, दोन्ही बाजूंनी पाय. वीज गेली तरी आतलं लिहिलेलं जात नाही म्हणे. परदेशात नुकत्याच निघाल्या आहेत, मुंबईच्या एका माणसानं मोजक्या आणून दिल्या.

आता भानगड अशी की यंत्राचा जो मूळ कारभारी प्रोग्राम असतो (ही त्याला कर्नल म्हणते) त्याला चकतीशी बोलता येतं, चिपेशी येत नाही. मधे दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ही लिहिते आहे.

"चिप विकणाऱ्यानं सोबत नाही दिला?"

"नवी आहे ना आई. आपल्या यंत्रासाठी अजून कोणीच लिहिला नाही."

कोणीच न केलेलं काम नेमकं आमच्याच घरात येऊन पडायचं होतं.

आणखी एक गंमत सांगितली. चिपेवर लिहिता येतं हवं तितकं, पण एक अक्षर पुसता येत नाही. एक अक्षर पुसायचं तर अख्खी पाटी पुसावी लागते. मी म्हटलं, "मग पुसूच नका." ती म्हणाली, "तसं नाही होत, आई." नाही तर नाही.

मुख्य गोष्ट राहिलीच. मे महिन्याच्या मध्यावर कोराडीला चाचणी आहे. पास झालं तर अरुंधतीला पक्क्या नोकरीचं पत्र. दोन वर्षांपासून ती कच्चीच आहे. नापास झालं तर तिचे मालक, श्रीधर साहेब, हा विभागच गुंडाळणार आणि ही घरी बसणार.

मी मनात म्हटलं, बसली तर बसली. कुरोड्यांचा गहू भिजत घालायचा आहे, चार हात होतील.

८ एप्रिल, शनिवार

दुपारी विहारात ग्रंथवाचन होतं. निघताना पुढच्या खोलीत पाहिलं तर रिकाम्या खुर्चीपुढे कूलर घरघरतो आहे, यंत्राचा पडदा दिव्यासारखा जळतो आहे. अरुंधती सकाळी "चाचणी" लावून हिंगण्याला गेली. ती चाचणी म्हणे दिवसभर आपोआप चालते, लिहिते आणि पुसते, लिहिते आणि पुसते. कोणी पाहायलाही नाही. हे मागच्या खोलीत ओल्या फरशीवर झोपलेले, यांना पंखाही लागत नाही.

यंत्राच्या एकाही बटनाला हात लावायचा नाही अशी सूनबाईची सक्त ताकीद आहे. मी लावला नाही. मेन बंद केली आणि गेले. आल्यावर चालू केली. लग्न झाल्यापासूनचा माझा नियम आहे, वापरात नाही ती वीज बंद. यंत्रालाही तेवढाच आराम.

१२ एप्रिल, बुधवार

काल दुपारीही मेन बंद ठेवली होती, आजही. माझी झोप नीट झाली. कूलरच्या घरघरीनं होत नव्हती.

अरुंधती संध्याकाळी आली, पर्स खांद्यावरच, तशीच पडद्यापुढे बसली. चिपेत सगळा भुसा. म्हणजे अक्षरं असायला हवीत तिथं काहीच्या बाही. यंत्र मधेच केव्हातरी मरून आपोआप परत सुरू झालं होतं म्हणे.

मला विचारलं, "आई, दुपारी लाईट गेली होती काय?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हती गेली. या आठवड्यात एकदाही गेली नाही, आश्चर्यच आहे.

"मग माझ्याच लिहिण्यात खोट आहे," म्हणाली. "माझाच ड्रायव्हर कर्नलले पाडून राहिला."

कागदाचा भारा घेऊन बसली. भात गार झाला. गार भात पुन्हा तापवायचा म्हणजे गॅस.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. पांढरी साडी नेसून पहाटेच विहारात गेले. मेणबत्त्या, वंदना, सगळं छान झालं. संध्याकाळी चौकात मिरवणूक बघायला सगळे निघालो. लेझीम आली, ढोल आले, निळा गुलाल उडाला, आणि आमची सून खिशातला कागद काढून बघते आहे.

मी म्हटलं, "अवं, वर्षातून एकदा येते हा दिवस."

"हो आई," म्हणाली आणि कागद घडी करून ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा बाहेर.

रविंद्र म्हणतो, "आई, तिले बोलू नको, ती टेन्शनमध्ये आहे." आमच्या वेळी टेन्शन नव्हतं, काम होतं.

१९ एप्रिल, बुधवार

हिची शंका आता कूलरवर. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि चिपेवर अर्धंमुर्धं लिहिलं जातं, असं काही. मला आनंद झाला. लगेच म्हटलं, "हो वं, तो कूलरच खराब आहे. माझी तर पहिल्यापासून शंका होती. ने आमच्या खोलीत."

"नाही आई. एकच लाईन आहे घरात. कुठंच नका लावू."

म्हणजे आता त्रेचाळीस डिग्रीत कूलर गच्चीच्या जिन्याखाली उभा आहे आणि आम्ही सगळे, यंत्रासकट, घाम गाळतो आहोत. वर मला काम दिलं, खिडकीला ओला पडदा टांगायचा आणि तो वाळला की पाणी मारायचं. नळ सकाळी तासभर येतो. माणसांना प्यायला भरू की पडद्याला पाजू?

दुपारी खिडकीच्या पडद्यावर पाणी मारलं, मेन बंद केली, पडले.

२० एप्रिल, गुरुवार

कूलर नसतानाही भुसाच.

"लाईट?"

"नाही गेली म्हटलं ना. मी पंचशील घेणारी बाई आहे, तुझ्याशी खोटं काहून बोलू?"

"तसं नाही म्हटलं, आई."

मुंबईच्या चिपवाल्यानंच फसवलं असणार. मी तसं म्हटलं. ते लोक लांबून देतात, कोण बघतं.

२२ एप्रिल, शनिवार

श्रीधर साहेब घरी आले होते. पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. माझ्या हातचं लिंबूसरबत दोनदा घेतलं. मग पडद्यापुढे उभे राहून म्हणाले, "मॅडम, मला वाटतं तुमच्या कोडमध्येच मूळ गडबड आहे. पुण्याला माझा एक मित्र आहे, या कामातला मुरलेला. त्याला बोलवू का?"

अरुंधती म्हणाली, "मला पंधरा मेपर्यंत वेळ दिला होता, सर."

"आहेच हो. पण सांगून ठेवतो."

गेल्यावर ती जेवली नाही. यंत्रापुढेही बसली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. दोन वर्षांत मी तिला दिवसा आडवी झालेली पाहिली नव्हती. रविंद्र दारातून दोनदा डोकावून गेला. मी थालीपीठ लावून नेऊन ठेवलं. तेलाचा हात जरा सैल पडला, पडो.

त्या पुण्याच्या मित्राचं नाव ऐकून मलाच राग आला. आमच्या घरात, आमच्या आरामखुर्चीच्या जागी तो कोण येऊन बसणार?

२४ एप्रिल, सोमवार

आजचं लिहायला हात वळत नाही.

दुपारी विहारात जायचं होतं. स्टुलावर चढून मेनला हात घातला, खटका ओढला, आणि मागून आवाज, "आई! काय करून राहिल्या?"

लुना पंक्चर झाली म्हणून अरुंधती अर्ध्या वाटेवरून परत आलेली. तोंडाला गुंडाळलेली ओढणी तशीच.

"मेन बंद करून राहिली. विहारात चालली ना मी."

"रोज करता?"

"विहारात जातो तेव्हा. नाही तर झोपताना."

"पण मी विचारलं होतं ना, लाईट गेली होती काय!"

"गेली नव्हती. मी बंद केली होती. तू बटनाले हात लावू नको म्हणाली, मी लावला काय?"

ती फरशीवर बसली. मला वाटलं रडते. हसत होती. ओढणीत तोंड खुपसून हसत होती, मग खरंच रडली, मग पुन्हा हसली. मी स्टुलावर. मला खाली उतरायलाही कोणी हात देईना. आवाजानं हे उठून आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि हसले नाहीत. तीच गोष्ट मला लागली. म्हणाले, "वच्छला, दोन आठवडे पोरगी सोताच्या अकलेवर शंका घेऊन राहिली."

मग मला तसं सांगायचं होतं. वीज वाचवणं हा गुन्हा आहे हे मला कोणी शिकवलं नाही. विहारात गेले नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

माझ्याशी कोणी बोलणार नाही असं धरून चालले होते. सकाळी अरुंधती चहा घेऊन स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली.

"आई, बरं झालं एका परीनं."

"टोमणे मारू नको."

"नाही, खरंच. कोराडीले बी लाईट जाते."

"वीज बनवणाऱ्याच्या घरची?"

"त्याच्या बी. फ्यूज उडते, कोणी तार ओढते. तिथं असाच भुसा झाला असता, साहेबासमोर. मी गृहीतच धरलं होतं की मधे काही होणार नाही."

मग कागदावर काढून दाखवलं. चिप पुसायची तर आधी तिच्यातलं सगळं उचलून यंत्राच्या डोक्यात ठेवायचं, चिप पुसायची, मग परत लिहायचं. चिप पुसून झाली आणि परत लिहायच्या आत वीज गेली, तर यंत्राच्या डोक्यातलंही गेलं आणि चिपेतलंही. आता ती असं करणार, नवं सगळं दुसऱ्या चिपेवर लिहायचं, शेवटी "पूर्ण" अशी खूण करायची, आणि खूण झाल्यावरच जुनी पुसायची. यंत्र पुन्हा सुरू झालं की खूण शोधायची, जिच्यावर खूण ती खरी.

"छान. लिही मग," मी म्हटलं.

"लिहीन. पण ते टिकते की नाही हे पाहायले कोणीतरी वेळीअवेळी मेन बंद करायले पाहिजे. मी केली तर मले वेळ माहीत असते. तुम्ही करा. मन मानेल तेव्हा. मले सांगू नका."

"मी काय येडी आहे? काल बंद केली म्हणून घर डोक्यावर घेतलं, आज बंद कर म्हणते!"

"वीज वाचेलच ना, आई."

या पोरीला माणसाची नस बरोबर सापडते. हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

३० एप्रिल, रविवार

काम सोपं नाही. मन मानेल तेव्हा म्हणजे केव्हा? मन काही आपोआप मानत नाही. पहिल्या दिवशी मी घड्याळ बघून केली, तर अरुंधती म्हणाली, "आई, ठरवून नका करू." मग पोळी तव्यावर टाकली आणि पळत जाऊन खटका ओढला. पोळी करपली. कणीक मळता मळता एकदा. भाजीवालीशी बोलता बोलता एकदा, ती बिचारी बघतच राहिली, म्हणाली, "बाई, काय झालं वं तुमाले?"

यांचा रेडिओ. "वच्छला! बातम्या लागून राहिल्या होत्या!"

"यंत्राचं काम आहे."

"अवं पण आधी सांगत जा!"

"सांगितलं तर ते काम होत नाही."

आता हसा म्हणावं.

ते असो, यंत्र काही माझ्यापुढे टिकत नाही. रोज संध्याकाळी भुसा. मला थोडं बरं वाटतं, आणि मग वंदनेला बसल्यावर वाटतं की पोरीच्या नुकसानीत बरं वाटणं काही शीलात बसत नाही. तरी वाटतं.

४ मे, गुरुवार

नवीन खोड निघाली. चिप पुसत असताना यंत्र श्वास रोखून बसतं, आणि तेवढा वेळ त्याचं घड्याळच चालत नाही. दिवसाअखेर ते मागे पडलेलं. बॉयलरची टिपणं चुकीच्या वेळेची झाली तर उपयोग काय? आता पुसायचं काम तुकड्यातुकड्यानं करायचं आणि मधे मधे यंत्राला श्वास घेऊ द्यायचा, असं ती लिहिते आहे.

कुरोड्या मी एकटीनंच घातल्या. मदतीला हे आले, अर्ध्या वाकड्या. गच्चीवर वाळत घातल्या त्या वावटळीत धुळीनं माखल्या. उन्हाळा, यंत्र, नवरा, सगळं एकदमच आलं.

९ मे, मंगळवार, बुद्धपौर्णिमेला अजून अवकाश

आज दुपारी शेजारच्या कांताबाई दळणाचं विचारायला आल्या. बोलता बोलता खटका ओढला, पुन्हा लावला. संध्याकाळी पुढच्या खोलीतून किंकाळी. मी समजले शॉक लागला. लाटणं हातात घेऊन धावले.

"आई! खूण लिहिता लिहिताच बंद केली तुम्ही! अर्धी खूण! अर्धीच!"

"चुकलं काय?"

"अवो आई, हे मले वर्षभर सापडलं नसतं!"

मला उचलायचीच बाकी होती. अर्धी खूण यंत्रानं पूर्ण समजली आणि फसलं, असं ते. आता खूण दोनदा करायची, दोन्ही जुळल्या तरच खरी. तिनं तिथल्या तिथे लिहायला घेतलं. रविंद्र मला म्हणतो, "आई, तू तर इंजिनीअर झाली." मी म्हटलं, "मी कांताबाईशी बोलत होती. दळण कुठं स्वस्त ते."

१३ मे, शनिवार

चार दिवस झाले, काही केल्या फसत नाही. मी सकाळी करते, भरदुपारी करते, लागोपाठ करते, लावल्या लावल्या ओढते. मधे वीजवाल्यांनीही एकदा घालवली, माझ्या मदतीला. सगळं जागच्या जागी. अरुंधती पडदा दाखवते, "बघा आई, काल दुपारचं बी आहे, तुम्ही घालवायच्या आधीचं बी आहे."

आता मला चीड येते. एवढे हात दुखवले, आणि त्याला काहीच होत नाही.

१६ मे, मंगळवार

कोराडीची चाचणी. सकाळपासून कामात लक्ष नाही. डाळीत मीठ दोनदा पडलं. विहारात गेले तर मन तिथंही नाही. हे दहा वेळा फाटकापर्यंत गेले आणि आले.

संध्याकाळी बसनं आली. केसात राख, भुवयांवर राख, ओठ पांढरे. बसून पाणी प्यायली. मी विचारणार नव्हते.

"झालं, आई. पास."

वीजघराच्या साहेबांनी स्वतः उठून भिंतीतली तार ओढली म्हणे. पुन्हा लावली. सगळी टिपणं जशीच्या तशी, घड्याळही बरोबर.

"एकदाच ओढली?" मी विचारलं.

"एकदाच."

"बस्स?"

एकदा ओढून काय कळतं? ही परीक्षा म्हणायची!

२० मे, शनिवार, वैशाख पौर्णिमा

सकाळी विहारात खीरदान. घरी आले तो श्रीधर साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले. चाचणी उत्तम, ऑर्डर मिळाली, मॅडमनी कमाल केली. मला पेढा दिला. मी हातात धरला.

मग म्हणाले, "आता दोन-तीन महिने तिथंच राहून एकेक यंत्र बसवायचं आहे. त्यासाठी पुण्याच्या मित्राला घेतो आहे, पक्का. मॅडम इथून मदत करतीलच, आधीसारखी."

मी अरुंधतीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"आणि हिचं पत्र?" मी विचारलं.

"ते पुढे बघू, काकू. काय आहे, काम कोराडीचं आहे. तिथं बाईमाणसाची सोय नाही."

"सोय म्हणजे काय, मले सांगा."

"म्हणजे... राहणं, जेवण, सोबत."

"राहायले एक खोली लागते. ते वीजघराच्या साहेबाले विचारलं काय तुम्ही?"

"विचारलं नाही, पण..."

"विचारा. जेवण मी करतो. सोबत मी. आणखी काय राहिलं?"

ते हसले. "काकू, तुम्ही कुठं त्या राखेत..."

"पुण्याच्या माणसानं एकदा तरी मेन बंद केली काय? मी दोन आठवडे पोळ्या करपवल्या. ह्या पोरीनं भिंतीकडे तोंड करून दिवस काढला. तुम्ही सरबत पिऊन गेले."

हे मागून, "अवं, हळू." मी हळूच बोलत होते.

श्रीधर साहेबांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. आपण काय बोललो ते त्याला तेव्हाच कळलं असावं. म्हणाले, "उद्या विचारतो कोराडीला."

"उद्या पत्र बी आणा. पेढे तेव्हाच खाऊ." मी पेढा पुड्यात ठेवला. हाताला लागलेला चाटला, अन्न वाया घालवायचं नाही.

ते गेल्यावर राग मला अरुंधतीचाच जास्त आला. यंत्रापुढे बोलते, कर्नलशी बोलते, मालकापुढे तोंड नाही?

"आई, तुम्ही खरंच याल?"

"आता बोलून बसली ना मी."

२४ मे, बुधवार

पत्र आलं. पक्कं. तिनं मला वाचायला दिलं, इंग्रजीत आहे, मी सगळं वाचलं. वीजघराच्या साहेबांनी विचारताक्षणी कर्मचारी वसाहतीत एक खोली दिली. सोय नाही म्हणे. विचारलं असतं तर तेव्हाच झाली असती.

रविंद्र म्हणतो, "आई, तुले तर बस लागते." मी म्हटलं, "कोराडी म्हणजे काय कलकत्ता आहे?"

यांची व्यवस्था लावली. वरण करायला शिकवलं. पाणी किती घालायचं ते तीनदा विचारलं.

४ जून, रविवार, कोराडी

इथं राख. वाळत घातलेल्या साडीवर राख, पाण्याच्या माठावर फडकं बांधलं तर फडक्यावर राख, हिशेबाच्या वहीवर राख. सकाळी बुद्धांच्या फोटोवरची पुसली, वंदना होईपर्यंत पुन्हा बसली. कोळशाचे ट्रक चोवीस तास.

अरुंधती सकाळी डबा घेऊन जाते. फाटकावर मला आत सोडत नाहीत, माझा पास नाही. डबा विसरली त्या दिवशी मी फाटकाशी उभी. शिपाई म्हणाला, "बाई, आत काय काम?" काय सांगायचं त्याला? म्हटलं, "सुनेचं जेवण."

पुण्याचा माणूसही आला आहे, हिच्या हाताखाली. नम्र आहे. काल खोलीवर येऊन तिला काही विचारत होता, ती समजावून सांगत होती. आवाज चढवून. मला बरं वाटलं. चहा त्यालाही दिला, साखर बेताची.

१९ जून, सोमवार, कोराडी

आज अरुंधती म्हणाली, "आई, आता तुम्ही घरी गेल्या तरी चालेल. बाजूच्या पार्वतीबाईंची ओळख झाली, त्या झोपायले येतो म्हणतात. बाबांचे हाल होत असतील. मले इथली सवय झाली."

सवय झाली. इतक्यात. मी काय सोबतीला बसून होते म्हणून मला कंटाळा आला नाही असं तिला वाटतं काय? राखेत, बिनओळखीच्या लोकांत, एका स्टोव्हवर? मी एका पायावर जाईन. तिला तसं सांगितलंही. पण कणकेचा डबा अर्धा भरलेला आहे, तो टाकून कसं जायचं? किडे होतील. "डबा संपला की जातो," म्हटलं. ती बरं म्हणाली. जास्त आग्रहही केला नाही.

यांचं कार्ड आलं. वरण जमतं आहे. त्यांचंही बरंच चाललं आहे म्हणजे.

संध्याकाळी ती कामावरून यायच्या आत बाजारात जाऊन आले. गहू बरा मिळाला, नागपूरपेक्षा स्वस्त. पाच किलो घेऊन दळून आणला, आणि डबा काठोकाठ भरून ठेवला.